बुवांसाठी धुतलेली चाकं

अॅल्युमिनियमबद्दल मला कुणी काही शिकवू नये! उभी हयात मी खिडक्यांच्या चौकटींच्या कारखान्यात काढली. आमच्या तोयामाकडे दर दुसरा माणूस एकतर भात लावतो नाहीतर अॅल्युमिनियम ओततो, आणि मी दोन्ही केलंय. झोपेत माझ्या कानाशी कुणी पत्रा वाजवला, तर तो किती जाडीचा आहे हे मी कूस न बदलता सांगेन. बायको म्हणते, तिचा वाढदिवस मात्र जागेपणीसुद्धा सांगता येत नाही. तो विषय वेगळा.

तेव्हा गाडीची चार अलॉय चाकं घरच्या घरी धुऊन आरशासारखी करणं म्हणजे माझ्या हातचा मळ! असं मी भर सभेत म्हणालो. मळ होताच, त्यात खोटं काही नाही. तो एवढा लांब वाहत जाईल हे तेवढं ठाऊक नव्हतं.

सभा होती मंदिराची. नोव्हेंबर सरता सरता आमच्याकडे होओन्को असतो, म्हणजे आमच्या पंथाच्या आद्यगुरूंची पुण्यतिथी. त्या दिवशी अझुकीच्या दाण्यांची गोडसर लाल आमटी, मुळ्याच्या जाडजूड फोडी, आणि दुपारी गेत्सुदो बुवांचं प्रवचन. आता प्रवचन म्हटलं की तुम्ही जांभई द्याल. थांबा! गेत्सुदो बुवा प्रवचन गाऊन सांगतात. अशी गाणारी माणसं आता पंथात शोधून सापडत नाहीत. बुवा आपले साधं बोलत असतात, "म्हातारी किनाऱ्यावर उभी होती..." आणि त्या 'होती'वर आवाज असा काही उचलला जातो की बसल्या जागी आपली मांडी चटईवरून सुटते. मग तो आवाज वळतो, घुमतो, हळूच खाली उतरतो, आणि उतरला रे उतरला की सगळं मंदिर एका श्वासात अमिदा बुद्धाचं नाव घेतं, "नामान्दाबु, नामान्दाबु..." तो क्षण चुकला तर माझं वर्ष फुकट!

त्यातही 'नावेचं पद'. अंधारा समुद्र, काठावर पापांचं गाठोडं घेऊन उभा असलेला माणूस, आणि अमिदाची नाव आपणहून त्याच्याकडे येते. "पोहू नकोस, बाळा, तू नुसता बस." माझी आई हे पद ऐकताना माझा कान घट्ट धरून ठेवायची, मी पळून जाऊ नये म्हणून. पुढे ती थकली, मी तिला पाठुंगळी मारून मंदिरात नेऊ लागलो. तरी पद सुरू झालं की तिचा हात माझ्या कानावर! आई गेली. आणि काही वर्षांपूर्वी बुवांनीही ते पद गायचं सोडलं. "दम पुरत नाही," म्हणतात. तेव्हापासून माझा डावा कान होओन्कोला नुसताच बसून असतो.

बुवांना स्टेशनवरून आणायचा मान त्सुबोनोसानचा. तो गावचा मुख्य, मंदिराचा मुख्य, आणि गावच्या लाऊडस्पीकरची किल्लीही त्याच्याच खिशात. पण यंदा लोणच्याच्या पिंपावरचा दगड उचलताना त्याची कंबर धरली. सभेत त्याने विचारलं, "यंदा बुवांना कोण आणणार?" आणि माझा हात माझ्या परवानगीशिवाय वर गेला! माझा हिशेब साधा होता. स्टेशन ते मंदिर, मी आणि बुवा, शेजारी शेजारी. तेवढ्यात हात जोडून म्हणायचं, 'बुवा, एकदाच नावेचं पद गा. आईसाठी.' झालं!

"तू?" त्सुबोनोसान उशीला टेकून म्हणाला. "अरे मियाकोशी, तुझ्या गाडीची चाकं बघितलीस का कधी? त्यांच्यावर बांगडे भाजतोस काय?"

"ती ब्रेकची काजळी आहे. प्रत्येकाच्या चाकाला असते."

"प्रत्येकाच्या चाकाला असते, तुझं चाकच काजळीचं आहे! बुवा उतरल्या उतरल्या विचारतील, अंत्ययात्रा कुणाची म्हणून!"

सगळी सभा हसली. हसण्यात माझी बायको इसाको सगळ्यांत पुढे. मी छाती काढून तो हातच्या मळाचा डायलॉग टाकला, आणि मागे फिरायची वाट स्वतःच्या हाताने बुजवली.

होओन्कोची सकाळ उजाडली. आभाळ कसं, कढईच्या बुडासारखं. समुद्राकडून गडगडाट आला. आमच्याकडे या दिवसांत वीज कडाडली की बुरी मासे जागे होतात आणि मागोमाग बर्फ येतो. बुरी जागे व्हायच्या आधी इसाको जागी झाली.

"अहो, ऐकलंत का? आज बर्फ येणार. सगळ्या गावाने टायर बदलले. आधी बर्फाचे टायर चढवा."

"त्या काळ्या लोखंडी चाकांवर? बुवांना? इसाको, ती चाकं आहेत की तवे?"

"तवे तर तवे, पण घसरत नाहीत!"

"होओन्कोच्या आधी बर्फ पडत नाही. उद्या चढवतो. आज अलॉय!"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं आपण पुरात निघालेल्या भोपळ्याकडे बघतो. आणि आत गेली.

मी कामाला लागलो. आता दुसरा कुणी असता तर चाकं गाडीलाच ठेवून वरवर फडकं मारलं असतं. मी जातीचा कारागीर! खरी काजळी चाकाच्या आतल्या बाजूला असते. मी गाडी जॅकने उचलली, कारखान्यातून आणलेल्या चार लोखंडी घोड्यांवर बसवली, आणि चारही चाकं काढून कालव्याच्या दगडी पायरीशी मांडली. गाडी अंगणात अशी दिसत होती, जशी बूट काढून पाटावर बसलेली पाहुणी.

आधी साबण झाला. काजळीने साबणाकडे ढुंकूनही बघितलं नाही. मग दात घासायचा जुना ब्रश झाला. (तो जुना नव्हता हे संध्याकाळी कळलं.) मग मी ब्रह्मास्त्र काढलं! गाड्यांच्या दुकानातून आणलेली फवाऱ्याची बाटली. हे औषध ब्रेकच्या लोखंडी भुकटीला शोधून शोधून धरतं, आणि धरलं की आपला रंग बदलतं. फवारा मारला. क्षणभर काही नाही. मग चाकाच्या एकेका दांडीवरून जांभळट लाल ओघळ फुटले. पुढच्या क्षणी चाक भळाभळा वाहू लागलं! मला तर आनंदाने गहिवरून आलं. वाटलं, जन्माची पापं अशीच वाहून जात असतील. मी कालव्याचं पाणी बादलीने ओतलं आणि खालून चांदी निघाली!

आणि वास! नाक असलेल्या माणसाने त्या औषधाच्या वाटेला जाऊ नये. इसाको खिडकीतून ओरडली, "अहो, केस कुरळे करतंय का कुणी तिथे? पार्लरसारखा वास येतोय!"

"चाकं धुतोय!"

"चाकं कुरळी झाली तर मला सांगू नका!"

एक चाक झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. लाल पाणी कालव्यातून खाली जात होतं. कुठे जात होतं, हा प्रश्न मला पडला नाही. माझं लक्ष चांदीकडे. तेवढ्यात पुन्हा गडगडाट झाला, बारीक गारांचा पाऊस सुरू झाला, म्हणून मी काळा रेनकोट अंगात घातला. चौथ्या चाकाला हात घालणार, इतक्यात गावचा लाऊडस्पीकर खरखरला.

"सावधान! सावधान!" त्सुबोनोसानचा आवाज. "गावात अस्वल शिरलंय! अस्वल जखमी आहे! वरच्या कालव्याच्या बाजूला आहे! कुणीही घराबाहेर पडू नये!"

आमच्याकडे अस्वल ही थट्टा नव्हे. पानगळीत ती पर्सिमनच्या फळांसाठी डोंगर उतरतात, आणि त्यातून जखमी अस्वल म्हणजे पिसाळलेला सावकारच. वरचा कालवा म्हणजे आमचाच की! मी बादली टाकली, ब्रश टाकला, आणि पायात एक चप्पल नसताना घरात असा घुसलो की दारामागे इसाकोची आणि माझी टक्कर झाली.

"अस्वल!"

"ऐकलं मी! कडी लावा!"

कडी लावली. कडीला काठी लावली. काठीला पाठ लावून मी बसलो. आणि मग सुरू झाली ती तगमग! बाहेर गाडी घोड्यांवर. चाकं कालव्याशी. बुवांची आगगाडी दुपारची. मी घड्याळाकडे बघतो, घड्याळ माझ्याकडे बघतं. उठतो, खिडकीशी जातो, परत येतो, बसतो, पुन्हा उठतो.

"बसा हो जरा! चटईला भोक पडेल."

"बुवा स्टेशनवर उभे राहतील, इसाको! ऐंशी उलटलेला माणूस! या गारठ्यात!"

"त्सुबोनोसान पाठवतील कुणाला तरी."

"म्हणूनच तर! मान माझा आहे!"

"मान अस्वलाने खाल्ली तर?"

मी मंदिराच्या दिशेने हात जोडले. 'नामान्दाबु' म्हटलं. म्हटलं, अस्वल जखमी आहे आणि मी श्रद्धाळू आहे, म्हणजे सामना बरोबरीचा. स्वयंपाकघरातलं पातेलं डोक्यावर घातलं. डोंगरात रानभाज्या तोडायला जाताना कमरेला बांधतो ती अस्वलघंटा बांधली. इसाकोने दोन्ही हातांनी माझी बाही धरली होती, ती सोडवली, आणि बाहेर पडलो.

गारांचा पाऊस, चिटपाखरू नाही. अस्वलाच्या नजरेस पडू नये म्हणून मी चार पायांवर भिंतीकडेने निघालो. कमरेची घंटा टुणटुण. कालव्याशी पोचलो, हाताला लागलं ते चाक उचललं आणि ढालीसारखं छातीशी धरलं. ते नेमकं न धुतलेलं चौथं निघालं. ते घेऊन वाकत वाकत सामानाच्या खोलीच्या दारापर्यंत आलो, तोच लाऊडस्पीकर पुन्हा खरखरला.

"सावधान! अस्वल आता मियाकोशीच्या अंगणात आहे! सामानाच्या खोलीच्या दाराशी उभं आहे!"

मी चाक आणखी घट्ट धरलं! सामानाच्या खोलीच्या दाराशी तर मी उभा होतो! म्हणजे अस्वल माझ्या मागे! मी मान न वळवता डोळे फिरवले. डोळे पोचेनात.

"अस्वल काळं आहे! धिप्पाड आहे! खालच्या घरच्या हात्सुए आजींनी माडीवरून पाहिलंय!"

मागून घोगरा श्वास ऐकू येत होता. माझाच असावा, पण तेव्हा कुणाला कळतंय!

"अस्वलाच्या कमरेला घंटा आहे! बहुतेक सर्कशीतून सुटलेलं आहे!" थोडा वेळ खरखर, मागे फोनवर आजींचा किनरा आवाज, आणि मग त्सुबोनोसान, "अस्वलाने मियाकोशीचं चाक पळवलंय!"

मी खाली बघितलं. हातात चाक. कमरेला घंटा. अंगात काळा रेनकोट.

मंडळी, आयुष्यात माणसाला स्वतःची ओळख पटण्याचे प्रसंग थोडे. संतांना ती ध्यानात पटते. मला लाऊडस्पीकरवर पटली.

मी ओरडणार होतो, "अहो, मी आहे मी!" पण तोंडातून "अ..." एवढंच निघालं, आणि भिंतीपलीकडून कुणीतरी म्हणालं, "गुरगुरतंय! टाका!" अस्वल पळवायचा फटाका भिंतीवरून आला आणि माझ्या पायाशी धडाड्कन फुटला! मी उडालो तो थेट कालव्यात. पातेलं एकीकडे, घंटा एकीकडे. चाक हातातून सुटलं, फाटकातून बाहेर पडलं आणि उतारावरून डौलात निघालं. ते गेलं, ते गेलं, ते हात्सुए आजींच्या अंगणात वळलं आणि लोणच्यासाठी धुऊन ठेवलेल्या मुळ्यांच्या टोपात जाऊन बसलं! जणू त्याला आमंत्रणच होतं.

भिंतीवरून तीन डोकी वर आली. मधलं त्सुबोनोसानचं, हातात लाऊडस्पीकरचा बिनतारी माईक. फटाका फेकल्यामुळे त्याची कंबर पुरतीच गेली होती, त्यामुळे डोकं तेवढं आडवं.

"मियाकोशी? तू?"

"मी!"

"मग अस्वल कुठाय?"

"अस्वलही मीच!"

हात्सुए आजी छत्री घेऊन धापा टाकत आल्या. "खोटं बोलू नकोस! मी मुळे धुवत होते, तर वरून रक्ताचा लोंढा आला! एवढं रक्त काय तुझ्या अंगात आहे होय, वाळक्या?"

"आजी, ते रक्त नाही. औषध आहे. चाकं धुवायचं."

"पांढरं औषध असतं, हिरवं असतं. रक्तासारखं औषध कुठे असतं?"

"दाखवतो ना!" मी ओलाचिंब बाहेर आलो, बाटली उचलली आणि जवळच्या चाकावर मोठ्या ऐटीत फवारा मारला. सगळे वाकून बघू लागले. थांबले. चाक चकाकत होतं. एक थेंब लाल होईल तर शपथ! मी ते इतकं स्वच्छ धुतलं होतं की काढायला लोखंडच उरलं नव्हतं. दुसऱ्यावर मारला, तिसऱ्यावर मारला. पाण्यासारखं पाणी.

"बघितलंत?" आजी विजयाने म्हणाल्या. "अस्वल इथेच कुठेतरी मरून पडलंय. आणि हा गडी त्याचं मांस लपवतोय!"

 समोर त्सुबोनोसानचा पांढरा छोटा ट्रक उभा होता. ज्याने माझ्या चाकांना बांगडे भाजायची जाळी म्हटलं, त्याचा! मी पुढे झालो आणि ट्रकच्या चाकावर फवारा मारला. क्षणभर काही नाही. मग अहाहा! त्या चाकाने असा काही हंबरडा फोडला! लाल ओघळ, जांभळे ओघळ, खाली थारोळं. दुसऱ्या चाकावर मारला, तेही रडलं. आजींनी डोळे मिटून "नामान्दाबु" म्हटलं. आडव्या डोक्याचा त्सुबोनोसान तिथल्या तिथे लालेलाल.

"पुरे, पुरे! कळलं! आणि हे सगळं कालव्यात सोडलंस? गाव मुळे धुतं तिथे! अॅल्युमिनियमचा पंडित ना तू? पंडिता, खालचं वाचत नाहीस का बाटलीवर?"

 आजींचे सगळे मुळे नळाच्या पाण्याने पुन्हा धुऊन द्यायचे, आणि टोपही, असा निकाल तिथेच लागला. माझ्या वतीने इसाकोनेच कबूल केला.

आणि तेव्हा बर्फ सुरू झाला. कापसाचे मोठमोठे पुंजके, सरळ खाली. दूरवर खोऱ्यात आगगाडीची शिट्टी वाजली.

"बुवा!" आम्ही सगळे एकदम म्हणालो.

माझी गाडी घोड्यांवर. तीन चाकं उन्हाळी, चौथं मुळ्यांत. त्सुबोनोसानने आडव्या मानेने ट्रककडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी त्याच्या बापाच्या अंत्यविधीतही पाहिलं नव्हतं. त्याने खिशातून ट्रकची किल्ली काढली. "जा. पण आधी कपडे बदल!"

"वेळ कुठाय?" मी निघालोच.

स्टेशनवर बुवा एकटेच उभे होते. चणीने लहान, हातात जांभळ्या कापडात बांधलेलं बोचकं, भुवयांवर बर्फ. मी समोर ट्रक थांबवला. चारी बाजू पांढऱ्याशुभ्र आणि चाकांखाली टपटप लाल. बुवांनी त्याकडे बघितलं, मग निथळणाऱ्या माझ्याकडे.

"वाटेत काही मेलं का?"

"नाही, बुवा. साफसफाई केली."

"असं," म्हणाले आणि आत बसले. देवमाणूस!

आता माझी घटका होती. शेजारी बुवा, मधे फक्त गिअरचा दांडा. ओठांवर वाक्य तयार होतं, पण दात एकमेकांवर असे आपटत होते की मधून शब्द जाईना. आणि काच बंद झाली तसा तो वास! कालव्यात पडायच्या आधी आणि नंतर मी त्या औषधात न्हालो होतो. ट्रकची ती एवढीशी खोली म्हणजे पार्लरच झाली.

बुवांनी नाक वर केलं. एकदा हुंगलं. पुन्हा हुंगलं. माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं, ट्रकसकट! मी चटकन माझी काच खाली केली. बर्फ आत येऊ लागला.

"बंद करा ती," बुवा म्हणाले. आवाज बदलला होता.

मी बंद केली. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि मंदिर येईपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. संपलं! खरं सांगतो, त्या वाटेवर मी मनातल्या मनात आईची माफी मागितली. तुझं पद मागायला गेलो आणि बुवांना नाक मुठीत धरून बसवलं.

मंदिरात माणूस मावत नव्हता. अस्वलाच्या बातमीने कधी न येणारेही आले होते. मी पुजाऱ्यांचा जुना कोट घालून खांबाआड बसलो. त्सुबोनोसान मागच्या भिंतीशी दोन उशांवर आडवा. बुवा आसनावर बसले. इकडचं तिकडचं बोलले, थंडीबद्दल बोलले, मुळ्यांबद्दल बोलले, लोक हसले. मग थांबले. इतका वेळ थांबले, की पुजारी पाण्याचा पेला घेऊन अर्धे उठले. आणि बुवा म्हणाले, "समुद्र काळा होता. काठावर एक बाई उभी होती..."

आणि 'होती'वर आवाज उचलला!

नावेचं पद! इतक्या वर्षांनी! आणि दम पुरत नाही कोण म्हणतं हो? तो आवाज छताच्या तुळयांना जाऊन लागला आणि तिथेच वल्ही मारू लागला. "पोहू नकोस, बाळा... तू नुसता बस..." हात्सुए आजी पदर, म्हणजे किमोनोची बाही, डोळ्याला लावून हुंदके देत होत्या. इसाको रडत होती. माझा डावा कान आपोआप गरम झाला. मी हात लावून बघितला. कुणी धरलेला नव्हता. पण होता!

आवाज उतरला, आणि सगळं मंदिर म्हणालं, "नामान्दाबु..."

बाहेर आलो तर मला गराडा! "मियाकोशी, काय सांगितलंस रे बुवांना?" त्सुबोनोसान आडव्या मानेने विचारत होता, डोळे ओले. "मी इतकी वर्षं आणतोय त्यांना. कितीदा विनवलं, गायले नाहीत. तू काय जादू केलीस?"

मी नम्रपणे जमिनीकडे बघितलं. "मी कोण सांगणार? श्रद्धा असली की शब्द लागत नाहीत."

वाक्य चांगलं जमलं होतं. आजींनीसुद्धा मान डोलावली.

संध्याकाळी बुवांना पोचवायला माझीच गाडी. मी मंदिरात असताना इसाकोने, एकटीने, चारही लोखंडी चाकं चढवली होती, आणि माझा धुण्याचा सगळा पसारा मागच्या सीटवर कोंबला होता. काळ्या तव्यांवरून गाडी बर्फात मांजरीसारखी चालली.   इसाकोचं सकाळचं 'घसरत नाहीत' प्रत्येक वळणावर कानात वाजत होतं.

स्टेशनच्या दारात बुवा घुटमळले. "मियाकोशीसान, एक विचारू? राग मानू नका."

"विचारा ना, बुवा!" मी मान तिरकी केली. आता श्रद्धेबद्दल काहीतरी येणार.

"दुपारी तुमच्या अंगाला वास येत होता, तो कशाचा?"

मी सांगितलं. चाकं, काजळी, बाटली. आवाज बारीक होत गेला.

बुवा बर्फाकडे बघत म्हणाले, "आमच्या मंदिराचं उत्पन्न कधी पुरेसं नव्हतं. माझी बायको मंदिराच्या दारातच पार्लर चालवायची. गावभरच्या बायकांचे केस कुरळे करायची. तिच्या हातांना नेमका हाच वास असायचा. पंगतीत वाढतानाही, पूजेलाही; आणि त्या वासाने ती सारखी शिंकायची. मी चिडायचो. ती गेली, पार्लर बंद झालं. मग नावेचं पद सुरू केलं की नाव यायची, पण तिच्यात कुणी बसायला नसायचं. सोडलं गायचं." ते हसले. "आज तुम्ही काच बंद केलीत आणि ती शेजारी येऊन बसली. शिंकत."

  मागच्या सीटवरून ती बाटली काढली. तळाशी थोडं उरलं होतं. दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरली.

"पण तुमचं एखादं चाक राहिलं असेल ना?" बुवा म्हणाले.

"राहिलंय. चौथं. आत्ताच मुळ्यांतून काढलंय. राहू द्या."

त्यांनी बाटली जांभळ्या कापडात, प्रवचनाच्या पोथीशेजारी नीट बांधली. गाडी आली. खिडकीतून त्यांनी बोचकं किंचित उचलून मला दाखवलं, आणि मी फलाटावर हात जोडून उभा राहिलो. नामान्दाबु.

वसंतात बर्फ वितळला, अलॉय चाकं पुन्हा चढली. तीन आरसे आणि एक तवा! गावात गाडी निघाली की त्सुबोनोसान ओरडतो, "आलं बघा तीन पायांचं अस्वल!" बायको म्हणते, "अहो, बाटली आणा आणि धुऊन टाका एकदाचं." मी म्हणतो, बघू.

बुवांचा फोन आला होता, यंदाही मियाकोशीलाच पाठवा म्हणून. तेव्हा चौथं चाक मी राखून ठेवलंय. होओन्कोच्याच सकाळी धुणार, आणि तसाच, हात न धुता निघणार! कालव्यात नाही हो, टोपात धुणार. गाव राजी आहे. अट एकच घातली आहे: त्या दिवशी मियाकोशीने काळा रेनकोट घालायचा नाही.